ट्रकमधलं तोळाभर सोनं

सोयाबीनचा हंगाम भरात आला की वाशीमच्या बाजारात धर्मकाट्यापुढे गाड्यांची रांग लागते. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, आकडा स्थिरावतो, पावती निघते. तिथून थोड्याच अंतरावर सराफाच्या दुकानात काचेच्या पेटीत दुसरा काटा असतो. पंख्याचा वारा लागला तरी त्याचा आकडा हलतो. दोन्ही काटे आपापल्या जागी चोख. आता असं समजा, की सोयाबीनच्या ट्रकमध्ये कुणाची तरी तोळाभराची अंगठी पडली आहे, आणि ट्रक रिकामा न करता, काट्यावर उभा असतानाच त्या अंगठीचं वजन सांगायचं आहे. हौशी रेडिओवाल्यांच्या आजच्या रिसीव्हरपुढे रोज संध्याकाळी हेच काम येऊन पडतं.

जुन्या रिसीव्हरची रीत वेगळी होती. अँटेनाच्या तारेवर शेकडो स्टेशनं एकदम उतरायची, पण आत शिरल्याबरोबर कॉइल आणि कंडेन्सरची चाळण लागायची, पुढे क्रिस्टल फिल्टरची आणखी बारीक चाळण लागायची, आणि शेवटी हवं तेवढंच एक स्टेशन हाती यायचं. म्हणजे अंगठी आधीच बाजूला काढून सराफाकडे नेली जायची. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या थेट नमुने घेणाऱ्या रिसीव्हरमध्ये ही चाळण उशिरा लागते. शून्यापासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा एका चिपपुढे उभा राहतो. ती चिप, म्हणजे ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, तारेवरचा दाब सेकंदाला बारा-तेरा कोटी वेळा मोजते आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहिते. निवड, गाळणं, आवाज काढणं, सगळं त्यानंतर हिशेबाने होतं. आकडा लिहिताना जे हरवलं ते पुढे कोणतंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही.

म्हणूनच नव्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘हा किती बिटांचा?’ आठ बिटांचा म्हटलं की नाक मुरडतात, सोळा म्हटलं की डोळे चमकतात. जास्त बिट म्हणजे जास्त बारीक कान, दूरचं आणि मंद स्टेशन जास्त स्पष्ट, असा सरळ हिशेब त्यांच्या मनात असतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्याच्यापायी खेड्यापाड्यातल्या होतकरू पोरांचे पैसे आणि उमेद दोन्ही वाया जातात, असं माझं ठाम मत आहे. मंद स्टेशन ऐकायला फार बिट लागत नाहीत. बिट लागतात ते शेजारच्या दांडग्या स्टेशनचा भार सोसायला.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच राज्यात उभा आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात इंग्रजी वाय अक्षरासारख्या मांडलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तारांची जाळी दोऱ्यांच्या सांगाड्यावर ताणून या थाळ्या इतक्या हलक्या आणि स्वस्त केल्या, की एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशाच्या आवाक्यात आली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेला हायड्रोजनचा कण्हता सूर ती ऐकते. एवढ्या मंद सुराला किती बिट लागत असतील? दुर्बिणीचं अलीकडे सुधारलेलं डिजिटल यंत्र एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा आठ बिटांनी मोजतं. आपली पोरं ज्या आठ बिटांना नाक मुरडतात, तेच आठ बिट.

त्याहून पुढची गोष्ट ऐका. १९६३ साली सँडर वाइनरेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशात हायड्रॉक्सिल रेणूचा माग काढला, तेव्हा त्यांचं यंत्र एकाच बिटाचं होतं. आलेला दाब धन आहे की ऋण, एवढंच ते टिपायचं. किती आहे ते विचारायचंच नाही. गणित असं सांगतं, की इतकं सगळं फेकून दिल्यावरही संवेदनशीलता सुमारे ६४ टक्के उरते आणि दोन बिट घेतले तर ८८ टक्क्यांवर जाते. आकाशातला सूर हा आपल्याच गोंगाटाच्या खाली दडलेला असतो. त्याला जास्त बिट लागत नाहीत, पुष्कळ वेळ लागतो. नमुने साठवत राहायचे आणि सरासरी काढत राहायची.

मग खोडदच्या लोकांना काळजी कशाची असते? शेजाऱ्यांची. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, प्रक्षेपण केंद्रं. त्यांना रोखायला यंत्राच्या पुढच्या भागात खास गाळण्या बसवल्या आहेत, आणि पुणे-नाशिक रेल्वेमार्ग नारायणगावावरून नेण्याला या दुर्बिणीमुळेच अडचण आली. ज्यांचं सगळं आयुष्य मंद सूर ऐकण्यात जातं, ती माणसं जास्त बिटांच्या मागे धावत नाहीत. ती शांत जागा आणि चांगली चाळण मागतात.

आता बिट नेमकं काय विकत घेऊन देतो ते काट्यावरच मोजू. ४० टनांचा काटा आठ बिटांचा असेल तर त्याला २५६ पायऱ्या. एक पायरी १५६ किलोंची. म्हणजे क्विंटलभर सोयाबीनचं पोतं गाडीतून उतरवून घेतलं तरी आकडा हलणार नाही, असंही होऊ शकतं. बारा बिटांचा असेल तर ४,०९६ पायऱ्या, एक पायरी दहा किलोंच्या आतबाहेर. सोळा बिटांना पायरी सुमारे ६१० ग्रॅमची. प्रत्येक वाढीव बिटामागे मापाचा पट्टा, म्हणजे सर्वांत मंद आणि सर्वांत दांडग्या सुरातलं अंतर, दुप्पट होतो, रेडिओच्या भाषेत सहा डेसिबलने वाढतो. आठ बिटांना जवळजवळ ५० डेसिबल, बाराला ७४, चौदाला ८६, सोळाला ९८. जाहिरातीतले आकडे इथून येतात.

पण तुम्ही म्हणाल, सोळा बिटांनीही पायरी ६१० ग्रॅमची, मग तोळाभर सोनं कसं दिसणार? इथेच या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. ट्रकचं इंजिन चालू ठेवा. गाडी थरथरते, काट्याचा आकडा दोन पायऱ्यांमध्ये नाचायला लागतो. एका नजरेत तो निरुपयोगी वाटेल. पण लाखभर वेळा आकडा लिहून घेतला, तर वरची पायरी किती वेळा आली आणि खालची किती वेळा, या प्रमाणातून पायरीच्या आतलं वजन बाहेर पडतं. थरथर नसती तर आकडा एकाच पायरीवर अडून बसला असता आणि आतलं काहीच कळलं नसतं. अँटेनावरून येणारी खरखर रिसीव्हरमध्ये हेच काम करते. जिला आपण शत्रू मानतो ती खरखरच बारीक सुराला पायरीवरून उचलून धरते. म्हणून अँटेना न लावता केलेल्या चाचणीत जो रिसीव्हर खोटी स्टेशनं दाखवतो, तोच अँटेना लावल्यावर पुष्कळदा शहाण्यासारखा वागतो. जुन्या रिसीव्हरमध्ये येणारी ताकद एक डेसिबलने कमी केली, की तिसऱ्या दर्जाची विकृती तीन डेसिबलने उतरायची. या चिपा तो नियम पाळत नाहीत, त्यामुळे जुन्या मापाने त्यांना तोलणं फसवं ठरतं.

सरासरीचा हिशेब केला तर आकडे छाती दडपवणारे निघतात. सेकंदाला १२.२८८ कोटी नमुने घेणारी चिप आपली पायऱ्यांची चूक ६१.४४ मेगाहर्ट्झभर पसरवते. आपण ऐकतो बोलण्यापुरता २.४ किलोहर्ट्झचा काप. म्हणजे पंचवीस हजार सहाशे भागांतला एक. त्या कापात चुकीचा तेवढाच वाटा येतो, आणि ४४ डेसिबल फुकटात पदरात पडतात. हर्मिस-लाइट नावाचा खुल्या आराखड्याचा हौशी ट्रान्सीव्हर बारा बिटांचा आहे, सेकंदाला ७.६८ कोटी नमुने घेतो. त्याचे ७४ आणि सरासरीचे ४२ मिळून कागदावर ११६ डेसिबल होतात.

आता दुसरी बाजू. सोळा बिट लिहिलेले असतात, पण असतात का? एलटीसी २२०८ ही हौशी रेडिओत नावाजलेली चिप आहे. तिच्यावर सोळा बिट छापलेत, पण निर्मात्यानेच दिलेला गोंगाटाचा तळ ७८ डेसिबलच्या आसपास आहे. म्हणजे खरे बिट साडेबारा-पावणेतेरा. त्याच चिपच्या चौदा बिटांच्या आवृत्तीत हा तळ ७७च्या आसपास भरतो. दोन बिटांचा फरक, कागदावर बारा डेसिबलचा, प्रत्यक्षात एकाच्या आतबाहेर! शेवटचे तीनेक बिट चिपच्या स्वतःच्या उष्णतेत आणि घड्याळाच्या थरथरीत बुडालेले असतात. घड्याळाचंही सांगून टाकतो, कारण त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. नमुना घेण्याच्या क्षणात एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाची चूक झाली, तर ३० मेगाहर्ट्झच्या सुरासाठी मापाचा पट्टा साडेचौऱ्याहत्तर डेसिबलवर अडतो. बाराच बिटांइतका. खराब घड्याळ लावलेला सोळा बिटांचा रिसीव्हर हा मोठा दरवाजा लावलेलं छोटं घर आहे.

मग वाशीम जिल्ह्यात बसून ऐकणाऱ्याला गरज किती? इथे मी हवेत बोलणार नाही. ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटरचा पट्टा हा आपल्याकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांचा नेहमीचा कट्टा. आपल्याकडे तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे आणि ७.२च्या पलीकडे लगेच प्रसारण केंद्रांचा मुलूख सुरू होतो. २००९च्या मार्चअखेरीपर्यंत तर ७.१ ते ७.२ मध्येही प्रसारण केंद्रं ठाण मांडून होती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आलेखांप्रमाणे ग्रामीण भागात ७ मेगाहर्ट्झवर माणसाने केलेला गोंगाट बोलण्याच्या कापात सुमारे उणे ९६ डीबीएम, म्हणजे एक मिलिवॅटच्या ९६ डेसिबल खाली, भरतो. शहरी वस्तीत तो पाच डेसिबलने वर असतो. अगदी निवांत माळरानावर उणे १११पर्यंत खाली जातो. याच्या खाली कान नेऊन काही ऐकू येत नाही, कारण तिथे ऐकण्यासारखं काही उरतच नाही. वरची बाजू बघू. संध्याकाळी चांगल्या डायपोल अँटेनावर एखादं जोरकस प्रसारण उणे २० डीबीएमपर्यंत चढतं असं धरलं, तर तळापासून माथ्यापर्यंत ७६ डेसिबल. बारा बिटांच्या ११६ पुढे हे काहीच नाही. सगळी स्टेशनं एकदम चढली, त्यांचे माथे एखाद्या क्षणी एकावर एक आले, म्हणून वीस-पंचवीस डेसिबल राखून ठेवले, तरी पुरून उरतं.

आठ बिटांच्या डोंगलची गोष्ट मात्र वेगळी. टीव्ही बघायला बनवलेली, आरटीएल २८३२यू चिपची ही डोंगल २०१२च्या सुमारास जगभरातल्या हौशी लोकांच्या हाती रिसीव्हर म्हणून आली आणि एका पिढीला तिने रेडिओ शिकवला. सेकंदाला २.८८ कोटी नमुने, कागदावर पन्नास डेसिबल, खरे त्याहून कमी. सरासरीचे ३८ मिळवले तरी ८०-८५च्या घरात. म्हणजे ७६ची गरज जेमतेम भागते, राखीव काही राहत नाही. मी पहिल्यांदा तिला लांब तार जोडली, तेव्हा ७ मेगाहर्ट्झवर मला मध्यम लहरींची मराठी बातमी ऐकू आली. वरखाली, डावीउजवीकडे, जिकडे सुई न्यावी तिकडे तीच बातमी. डोंगल बिघडली असं समजून मी ती परत करायला निघालो होतो. बिघडलं काहीच नव्हतं. काट्यावर चाळीसच्या जागी साठ टन चढले होते.

विदर्भाच्या या भागात मध्यम लहरी हा किरकोळ शेजारी नव्हे. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर, परभणी १३०५वर. आणि १९८८पासून राष्ट्रीय वाहिनीसाठी नागपूरजवळ उभा राहिलेला प्रक्षेपक तर १,००० किलोवॅटचा होता. हॅमच्या हातात साधारण १०० वॅट असतात, त्याच्या दहा हजार पट. कन्व्हर्टरची कमाल पायरी ओलांडली की तो जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखा हळूहळू घोगरा होत नाही. माथा सपाट कापला जातो, आणि त्या एका कापातून सगळ्या पट्ट्यावर भुतं उभी राहतात. शिवाय सेकंदाला २.८८ कोटी नमुने घेणाऱ्याला ७ आणि २१.८ मेगाहर्ट्झ यांतला फरकच कळत नाही. दोन्ही एकाच जागी येऊन बसतात. पुढे चाळण नसेल तर कोणता आवाज कुठला हे ओळखायला मार्ग नाही.

चाळण करायला किती खर्च येतो? मध्यम लहरी रोखणारी गाळणी म्हणजे दोन-तीन कॉइल आणि चार-पाच कंडेन्सर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत हा माल किरकोळीत मिळतो. कॉइल गुंडाळायची टोरॉइड कडी नाही मिळाली तर जाड तार पेन्सिलीवर गुंडाळून हवेतली कॉइलही चालते. ती लावल्यावर त्याच डोंगलवरून ती बातमी नाहीशी झाली आणि खालून माणसांचे आवाज वर आले. त्या संध्याकाळी मला जितकं शिकायला मिळालं तितकं कोणत्याही महागड्या यंत्राने शिकवलं नसतं, कारण महागड्या यंत्रात ही गाळणी आधीच बसवलेली असते आणि तिचं अस्तित्व कळतच नाही. आयकॉमचा २०१६ला आलेला आयसी-७३०० चौदा बिटांचा आहे. तो चांगला वाजतो याचं निम्मं श्रेय चिपच्या पुढे बसलेल्या गाळण्यांना जातं.

दुसरं काम तर फुकटात होतं. गेन, म्हणजे आलेल्या सुराची वाढ, किती ठेवायचा? बहुतेक जण पूर्ण चढवतात, स्क्रीन उजळली की समाधान मानतात. खरी रीत अशी: अँटेनाची तार काढा, खरखरीचा तळ बघा. तार लावा. तळ सहा ते दहा डेसिबल वर आला, की थांबा. याहून जास्त गेन म्हणजे बाहेरची खरखर आणि स्टेशन दोघांनाही सारखंच उचलणं. त्यात ऐकण्याला काही लाभ नाही, वरची जागा तेवढी खर्ची पडते. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर पुष्कळदा उलट ॲटेन्युएटर लावावा लागतो. येणारा सूर मुद्दाम मंद करायचा, हे नव्या माणसाच्या पचनी पडत नाही. पण ट्रक काट्याच्या क्षमतेत बसला तरच वजन खरं.

सोळा बिटांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एक प्रसंग असा आहे जिथे त्यांचं खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवच्या त्या गावांतून हौशी रेडिओचालकांनी बाहेरच्या जगाशी संपर्क चालवला. तशा आपत्तीच्या तळावर एकाच मैदानात दोन-तीन ट्रान्समीटर असतात, पलीकडे पोलिसांचा वायरलेस असतो, जनरेटर असतो. आपल्या तारेपासून तीस फुटांवर शंभर वॅटचा ट्रान्समीटर बोलतोय आणि आपल्याला चारशे किलोमीटरवरचा क्षीण आवाज ऐकायचाय. तिथे मापाचा पट्टा जितका मोठा तितका हवाच. तिथे प्रत्येक डेसिबल कुणाच्या तरी निरोपाचा असतो. स्पर्धांमध्ये एकाच छपरावरून चार पट्ट्यांवर बोलणाऱ्यांनाही तो हवा. मात्र अशा तळावरही आधी प्रत्येक पट्ट्याची स्वतंत्र गाळणी लागते आणि मग बिट. रॉब शेरवूड गेली कित्येक दशकं रिसीव्हरांची जी क्रमवारी करतात, तीही बिटांवरून लावलेली नसते. दोन किलोहर्ट्झवरच्या दांडग्या शेजाऱ्याला यंत्र किती सोसतं, त्यावरून ती लागते.

माझी तक्रार आहे ती क्रम उलटा लावण्याची. पॉलिटेक्निकमधला मुलगा वर्षभर पैसे साठवतो ते सोळा बिटांसाठी, आणि त्याची अँटेना खिडकीच्या गजाला बांधलेली वायर असते, मोबाइलच्या चार्जरपासून हातभर अंतरावर. तो ऐकतो तो चार्जरचा गोंगाट, सोळा बिटांच्या अचूकतेने. त्याच पैशाच्या दहाव्या हिश्श्यात डोंगल, गाळणी आणि वावरात दोन खांबांवर २० मीटर लांबीची डायपोल होते. गोंगाटाचा तळ दहा डेसिबलने खाली जातो. दहा डेसिबल म्हणजे समोरच्याने दहापट ताकदीने बोलण्याइतकं. एवढी वाढ त्याच गजाच्या वायरला चिप बदलून मिळणार नाही.

आणि वावर इथे आहे. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला हा वाशीम जिल्हा मागास म्हणून मोजला जातो, उद्योग नाहीत म्हणून मोजला जातो. रेडिओच्या हिशेबाने हीच त्याची श्रीमंती आहे. मानोऱ्याकडच्या किंवा मालेगावकडच्या माळावर जो तळ मिळतो तो मुंबईच्या हॅमला लाखो रुपये घालूनही मिळत नाही. खोडदची जागा निवडताना शास्त्रज्ञांनी नेमकी हीच शांतता शोधली होती. पण ती कायमची आहे असं समजू नये. स्वस्त एलईडी दिवे, चायना चार्जर आणि आता सौर कृषिपंपांचे कंट्रोलर या सगळ्यांच्या पोटात सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे स्विच असतात. जोडणारी लांब वायर त्यांची अँटेना होते. सौरपंप हा कास्तकाराचा मोठा आधार आहे, तो हवाच. पण त्याच्या कंट्रोलरला चांगली फेराइट गाळणी असावी, पॅनेलच्या वायरी एकमेकींना चिकटून नेलेल्या असाव्यात, हा आग्रह खरेदीच्या अटींत आतापासून धरायला हवा. गोंगाट पसरल्यावर धरून उपयोग नाही. जमिनीचा कस गेल्यावर जसं होतं तसंच हे.

तूर्त निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. जूनच्या तोंडावर, विजा कडाडायला लागल्या की ७ मेगाहर्ट्झ कामाचा राहत नाही, ते दिवस सोडून द्यावेत. पण दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर, वावरात जाऊन बसावं. सूर्य कलतो तसा सौरपंपाचा कंट्रोलर आपोआप गप्प होतो. त्याच घटकेला वातावरणातला, दिवसा लहरी शोषून घेणारा डी थर विरायला लागतो, आणि ७ मेगाहर्ट्झवर दूरची स्टेशनं एकेक करून वर येतात. मध्यम लहरीही त्याच वेळी दुप्पट जोराने चढतात. म्हणून गाळणी उजेड आहे तोवरच जोडून घ्यावी.